परदेशात छोटं घर आहे, वर्षातून दोनदा जातो, मेडिक्लेमचं नक्की काय करायचं?

डहाणूकर_सर्कल

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी ६३, मिसेस ६०, दोघंही रिटायर, कोथरूडला राहतो. मिसेसचं माहेर मडगावचं, तिच्याकडचे बरेच जण पोर्तुगालला गेलेत. त्यातल्या एका मामेभावाने सेतुबलचा (लिस्बनच्या खाली, समुद्राकाठी) वन बीएचके विकायला काढला तेव्हा आम्ही तो घेऊन टाकला. चौथा मजला, लिफ्ट नाही, पण गॅलरीतून साडो नदी समुद्राला मिळते ते दिसतं आणि मिसेसला तिथे मडगावसारखं वाटतं, विषय संपला. "पैसेवाले दिसता" असं कृपया कोणी लिहू नका, तेव्हा त्या पैशात बाणेरला टू बीएचके पण येत नव्हता.

आता मुद्दा. दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) मिळालाय. यंदाचा (२०२६) प्लॅन असा की १० एप्रिल ते २३ जून तिथे, मग परत येऊन पाऊस पुण्यात, गणपती आमच्याकडे दीड दिवसाचा, तो पोचवला की १५ सप्टेंबरला निघून २९ ऑक्टोबरपर्यंत पुन्हा तिकडे. मला २०२१ ला स्टेंट बसलाय, शुगर आहे, मिसेसला बीपी आणि थायरॉइड. पुण्याचा मेडिक्लेम २०१२ पासून चालू आहे, १० लाखाचा होता. गेल्या वर्षी एजंटने २५ चा करून घेतला, म्हणाला काका आता वर्ल्डवाइड आहे, जगात कुठेही आजारी पडा. मी रविवारी चष्मा लावून पॉलिसी वर्डिंग वाचायला बसलो तर त्यात फक्त इमर्जन्सी, एका ट्रिपचे ४५ दिवस, अजून कायकाय. एजंटला फोन केला तर म्हणतो काका एवढं वाचायचं नसतं.

मुलगा म्हणतो ट्रॅव्हल इन्शुरन्सची वर्षभराची पॉलिसी घ्या, सुटला प्रश्न. सेतुबलची शेजारीण एक हेल्थ कार्ड घ्या म्हणते, महिन्याला थोडेसे युरो, वयाची अट नाही, मेडिकल नाही. आणि एक गंमत सांगतो, घर घेतलं तेव्हा तिथल्या माणसाने मुल्टीरिस्कोस नावाचा विमा गळ्यात मारला, मी वर्षभर समजत होतो की नावातच मल्टी आहे म्हणजे आपण पण त्यात असू. तो घराचा विमा निघाला, आग, पाणी, पाइप फुटणं. माणूस फुटला तर काही नाही.

तर जे लोक असे जाऊन येऊन असतात, म्हणजे ना तिथले रहिवासी ना नुसते आठ दिवसांचे टूरवाले, ते काय करतात?


क्लेमडेस्क

काका, मी बारा वर्षं टीपीएत (विमा कंपन्यांसाठी क्लेम तपासणारी संस्था) क्लेम बघतोय त्यामुळे थोडं कडू लिहिणार, राग मानू नका. तिथे आपलं घर आहे म्हणून विम्यात काही फरक पडतो हे आधी डोक्यातून काढा. क्लेमच्या फाइलीत घराची कागदपत्रं कोणी मागत नाही, मागतात पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि तारखा. चावी तुमच्या खिशात असली तरी कागदावर तुम्ही टूरवालेच.

आता तुमच्या मुलाचा सल्ला. वर्षभराची मल्टी-ट्रिप पॉलिसी म्हणजे ३६५ दिवस कव्हर नव्हे, ट्रिप कितीही करा पण एका ट्रिपला सहसा ३०, ४५ किंवा ६० दिवस अशी मर्यादा असते, जो पर्याय घ्याल तो. तुमची पहिली ट्रिप ७५ दिवसांची आहे. म्हणजे ६० वाली घेतली तरी ६१व्या दिवशी जिन्यावरून घसरलात तर पॉलिसी हातात आहे, चालू आहे, आणि पैसे शून्य. असे क्लेम मी स्वतः परत पाठवलेत, वाईट वाटतं पण पर्याय नसतो. तुम्ही प्रत्येक वेळेला सिंगल ट्रिप घ्या, ती साधारण १८० दिवसांपर्यंत मिळते, आणि परतीच्या तारखेच्या पुढे पाच-सात दिवस जास्तीचे घ्या. फ्लाइट रद्द झाली, जरा ताप आला, थांबावं लागलं तर तिकडून पॉलिसी वाढवत बसणं हा ताप वेगळाच, क्लेम झालेला असेल तर बहुतेक वाढवतच नाहीत. आणि निघायच्या आधी घ्या, तिथे पोचून आठवण झाली तर आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या देत नाहीत.

स्टेंटबद्दल. प्रपोजल फॉर्मवर लिहा. लिहा. लिहा. एजंट म्हणेल नका लिहू प्रीमियम वाढेल, त्याचं काय जातंय. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत आधीचा आजार धरतच नाहीत, फार तर जिवावर बेतलं तरच धरतात आणि त्यालाही वेगळी छोटी लिमिट असते. म्हणून रक्कम १ लाख डॉलर आहे की ५ लाख ते नंतर बघा, आधी पीईडीची (म्हणजे आधीपासूनच्या आजाराची) लिमिट किती आणि साठीच्या वरच्यांना आयसीयू, सर्जरी वगैरेला वेगळं सब-लिमिट आहे का ते बघा. ब्रोशरवर मोठा आकडा असतो आणि आत तक्त्यात छोटा.

आणि ट्रॅव्हल पॉलिसीचं काम तुम्हाला बरं करणं नाही, स्टेबल करणं आहे. जीव वाचला, प्रवास झेपेल असं डॉक्टर म्हणाले की पुढचं भारतात करा म्हणतात, पॉलिसीत असेल तर आणायचा खर्च पण देतात. म्हणजे अँजिओग्राफी तिकडे आणि बायपास डेक्कनला. त्यामुळे पुण्याचा मेडिक्लेम कधीही सोडू नका, सहा महिने तिकडे असलात तरी.

तो २५ लाखाचा. जुन्या १० लाखाला तुमची पाच वर्षं केव्हाच होऊन गेलीत, त्यावर आता फ्रॉड सोडून काही लपवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही (हा मोरॅटोरियम आधी आठ वर्षांचा होता, २०२४ ला पाचवर आणला). पण वाढवलेल्या १५ लाखाला घड्याळ नव्याने सुरू झालंय, त्याला आधीच्या आजाराचं वेटिंग ३६ महिन्यांपर्यंत लावता येतं. तुमच्या वर्डिंगमध्ये परदेशातली इमर्जन्सी धरतात असं असेल तर वाईट नाही, राहू द्या, पण तिकडे बहुतेक आधी तुम्ही भरायचं आणि मग इथे मागायचं असा प्रकार असतो. त्याला दुसरी फळी समजा.


नळस्टॉप_०७

चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि स्टेंट. काका विमा नंतर बघा आधी तळमजला बघा.


नव्वद_दिवस

वरचं सगळं बरोबर आहे पण काका विमा जरा बाजूला ठेवा, तुमचा व्हिसाच बसत नाहीये!!

शेंगेनला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस असतात, आणि ते कॅलेंडरच्या अर्ध्या वर्षाने मोजायचे नसतात, रोज मागे वळून मोजायचे. १० एप्रिल ते २३ जून म्हणजे ७५. १५ सप्टेंबरला परत गेलात की ते ७५ अजून मागच्या १८० मध्येच आहेत, म्हणजे तुमच्याकडे १५ दिवस उरले, २९ सप्टेंबरला ९० पूर्ण. ३० तारखेपासून तुम्ही ओव्हरस्टे. मी कागदावर मांडलं, ६ ऑक्टोबरला ९७ होतात आणि मग तिथेच अडकून राहतात, कारण एक दिवस वाढतो तसा एप्रिलचा एक गळतो. हेच २२ सप्टेंबरला निघालात तर ६ ऑक्टोबरला बरोबर ९० आणि पुढे ९० च, पूर्ण ४५ दिवस बसतात, पण अगदी काठावर, एक दिवस इकडचा तिकडे चालणार नाही. त्यापेक्षा यंदा अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे, मिरवणूक बघून २६ ला निघा. मात्र तिकडून ८ नोव्हेंबरच्या आधी या, लक्ष्मीपूजन आहे.

पूर्वी शिक्का पुसट असला तर खपून जायचं. आता ऑक्टोबर २०२५ पासून त्यांनी बोटांचे ठसे आणि फोटोवाली सिस्टीम टप्प्याटप्प्याने आणलीये आणि १० एप्रिल २०२६ ही ती पूर्ण लागू व्हायची तारीख, म्हणजे तुम्ही ज्या दिवशी उतरणार तोच दिवस. मशीन दिवस मोजतं. आणि विम्यात याचा संबंध असा की शिक्का नसेल तर एंट्रीचा पुरावा म्हणून बोर्डिंग पासच राहतात, ते फेकू नका. बेकायदा राहिलेल्या दिवसांत काही झालं तर कंपनी काय म्हणेल ते क्लेमडेस्क सांगतीलच.

अजून एक, व्हिसाला ३०,००० युरोचं कव्हर लागतं ते मल्टिपल एंट्रीवाल्यांनी फक्त पहिल्या ट्रिपसाठी दाखवायचं असतं. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या ट्रिपला कोणी अर्जाच्या वेळी विचारत नाही आणि लोक घेतच नाहीत. माझ्या ओळखीत दोघं तसेच फिरतायत.


क्लेमडेस्क

काय म्हणेल, "नाही" म्हणेल. पुढचा प्रश्न.


औंधची_लेक

माझं दुबईचं आहे, वेगळं आहे पण काकांना उपयोग होईल म्हणून लिहितेय.

बाबांनी (७१) तिकडे फ्लॅट घेतला, साडेसात लाख दिरहमच्या वर होता म्हणून प्रॉपर्टीवर दोन वर्षांचा रेसिडेन्स व्हिसा मिळाला. आम्हाला वाटलं वा, आता व्हिसाची कटकट नाही. तिथे रेसिडेन्स व्हिसा असला की हेल्थ इन्शुरन्स कम्पल्सरी आहे, दुबईत आधीपासूनच होता, २०२५ पासून सगळ्या एमिरेट्समध्ये झाला. बाबांनी व्हिसापुरता सगळ्यात स्वस्त घेतला आणि इथून जाताना सवयीने आपला ट्रॅव्हल इन्शुरन्स पण घेतला, म्हणजे डबल कव्हर असा हिशोब.

डिसेंबरात बाथरूममध्ये पडले, खुबा मोडला. जवळचं चांगलं हॉस्पिटल स्वस्तवाल्या पॉलिसीच्या नेटवर्कमध्ये नाही, पडल्यावर कोण यादी बघत बसतं, ॲम्ब्युलन्सने नेलं तिथे गेलो. बिल भरलं, भारतात येऊन ट्रॅव्हलवर क्लेम टाकला तर कंपनीचं पत्र, की आमची पॉलिसी भारतात राहणाऱ्या प्रवाशासाठी आहे आणि तुमच्याकडे तिकडचा रेसिडेन्स व्हिसा आहे, म्हणजे तुम्ही प्रवासी नाही. बाबा वर्षातले आठ महिने औंधात असतात हो! भाजी पण औंधातूनच घेतात. मी तीन महिने मेलामेली केली, मग कोणीतरी सांगितलं म्हणून नारायण पेठेत केळकर रोडला विमा लोकपालाचं ऑफिस आहे तिथे तक्रार दिली. फी नाही, वकील लागत नाही, फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबलेलं असावं लागतं, आणि उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. बाबांचे राहिल्या दिवसांचे सगळे पुरावे दिले, बँकेची एंट्री, सोसायटीचं मेंटेनन्स, औषधांची बिलं. सगळे नाही पण बऱ्यापैकी पैसे मिळाले.

तर काका, उद्या तुम्हाला कोणी पोर्तुगालचा रेसिडेन्स परमिट घ्या म्हणालं तर घ्या हवं तर, पण त्या दिवसापासून कुठली पॉलिसी तुम्हाला कोण समजते ते पहिलं विचारून घ्या. लेखी.


सीए_शनिपार

पैशाच्या बाजूचं थोडं, कारण हे लोक नेहमी विसरतात.

परदेशी कंपनीची हेल्थ पॉलिसी भारतात राहणाऱ्या माणसाला घेता येते, फेमाच्या (परकीय चलनाचा कायदा) २०१५ च्या विम्याच्या नियमांत तशी मुभा आहे, फक्त प्रीमियमचे पैसे एलआरएसच्या (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) मर्यादेत बसले पाहिजेत, म्हणजे माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर, त्यामुळे ती अडचण नाहीच. अडचण प्रीमियमची आहे. ज्याला इंटरनॅशनल मेडिकल म्हणतात त्या पॉलिसी (अमेरिका सोडून जग असा पर्याय घेतला तरी) त्रेसष्टाव्या वर्षी स्टेंटसकट महाग पडतात किंवा हृदय वगळून देतात. वर्षातले आठ-नऊ महिने तिकडे असणाऱ्याला ते परवडतं, चार महिनेवाल्याला सहसा नाही. टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो टॅक्स) वर्षाला १० लाखाच्या वर पाठवलेत तर लागतो, नुसत्या प्रीमियमला तुम्ही तिथवर जाणार नाही पण घराचा खर्च, मेंटेनन्स त्याच पॅनवर जात असेल तर सगळं एकत्र मोजतात हे लक्षात असू द्या.

८०डी (हेल्थ प्रीमियमवरची इन्कम टॅक्सची सूट) फक्त जुन्या टॅक्स रिजिममध्ये, आणि परदेशी कंपनीच्या प्रीमियमला अजिबात नाही. पुण्याच्या मेडिक्लेमवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी शून्य झालाय, आधी १८ टक्के होता, रिन्युअलची पावती तपासा.

आणि विचारलं नाहीत तरी विचारतो, ते सेतुबलचं घर इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफएमध्ये (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता) दाखवता ना? नसेल तर उद्या सकाळी तुमच्या सीएला फोन करा, तिथे दंड १० लाखाचा आहे. त्यापुढे विमा म्हणजे किरकोळ.


तेजो_किनारी

काका, मी मूळचा सांगवीचा, सहा वर्षं लिस्बनला नोकरी करतोय. तुमची शेजारीण चांगली बाई असेल पण ते कार्ड म्हणजे विमा नाही. इथे दोन गोष्टी शेजारी शेजारी विकतात, एक प्लानो द साऊद आणि एक सेगुरो द साऊद. पहिलं डिस्काउंट कार्ड. डॉक्टरकडे गेलात तर फी कमी लागते, दाताला, चष्म्याला बरं पडतं. अॅडमिट झालात तर बिल तुमचंच, फक्त थोडं कमी. वयाची अट नाही आणि मेडिकल नाही ते याचसाठी, कारण त्यात रिस्क कोणीच घेत नाही. दुसरं खरं इन्शुरन्स, त्यात साठीच्या पुढे नव्याने घ्यायला निवड फार कमी राहते, आधीचे आजार वगळतात आणि सुरुवातीचे काही महिने अॅडमिशनला वेटिंग असतं, म्हणजे तुम्ही ७५ दिवसांसाठी आलात तर वेटिंग संपायच्या आत परत पुण्यात.

सरकारी दवाखाने आहेत आणि चांगले आहेत, पण ते इथे कायदेशीर राहणाऱ्यांना. घराचा टॅक्स भरता म्हणून तुम्ही त्यात येत नाही, टॅक्स नंबर वेगळा आणि हेल्थचा नंबर वेगळा. इमर्जन्सीला ११२ फिरवा, कोणी दारातून परत पाठवत नाही, पण बिल नंतर घरी येतं. घर आहे ना, पत्ता सापडतो त्यांना!

डी७ व्हिसा पेन्शनरांना मिळतो, २०२५ ला महिना ८७० युरो उत्पन्नाची अट होती आणि मिसेससाठी त्याच्या निम्मे वर. तो घेतला की सरकारी दवाखाना मिळतो. पण मग वर्षातला बराचसा काळ इथे काढावा लागतो, आणि १८३ दिवसांच्या वर गेलात की टॅक्स पण इथला. दर पावसाळा पुण्यात हवा असेल तर नका पडू त्यात.

प्रॅक्टिकल सांगतो. स्टेंटची डिस्चार्ज समरी आणि चालू गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन, ब्रँड नाही औषधाचं मूळ नाव लिहून, इंग्रजीत सोबत ठेवा. फ्रिजवर विमा कंपनीचा असिस्टन्स नंबर चिकटवा आणि अॅडमिट होताना पहिला फोन तिकडे, बऱ्याच पॉलिसीत २४ तासांत कळवावं लागतं. आणि डिस्चार्जच्या वेळेसच बिलाचं इंग्रजी मागून घ्या, नंतर पुण्यात पोर्तुगीज भाषांतर करून घ्यायला काय काय करावं लागेल विचार करा.


डहाणूकर_सर्कल

बाप रे. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः नव्वद_दिवस यांचे, मी विम्याचं विचारायला आलो आणि डिपोर्ट होता होता वाचलो. १५ सप्टेंबरचं तिकीट अजून काढलं नव्हतं हे नशीब.

ठरवलंय ते असं. एप्रिलला ८२ दिवसांची सिंगल ट्रिप, स्टेंट लिहून, पीईडीची लिमिट बघून (एजंटला विचारलं तर म्हणाला "काका ते बघून सांगतो", तीन दिवस झाले). सप्टेंबरला वेगळी, २६ ला निघून ४ नोव्हेंबरला तिकडून परत, ४० दिवस. पुण्याचा मेडिक्लेम आहे तसा. कार्डवाल्या बाईंना नाही सांगायचं काम मिसेसकडे दिलंय, त्या दोघींचं कोंकणी-पोर्तुगीजमध्ये बरं जमतं. शेड्यूल एफए दाखवतो, सीए साहेब, तेवढं तरी मी बरोबर केलेलं आहे.

नळस्टॉप साहेब, तळमजल्याचं मी घरी बोललो. मिसेस म्हणाल्या की तळमजल्यावरून नदी दिसत नाही.


नळस्टॉप_०७

मग पीईडीमध्ये गुडघे पण लिहा.